डायोडने व्होल्टेज कमी करताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डायोड म्हणजे एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा घटक; तो मालिकेत जोडून व्होल्टेज उतरवण्याविषयी वाचकांकडून बरेच प्रश्न आले आहेत. ते एकमेकांशी इतके निगडित आहेत की सुटे सुटे उत्तर देण्यापेक्षा या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला देणे योग्य वाटले. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सिलिकॉन डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात असे आम्हाला अकरावीपासून शिकवले गेले आहे. मी मल्टिमीटरच्या डायोड चाचणीवर १एन४००७ तपासला, तर ०.५६ असा आकडा आला. आणखी चार डायोड तपासले, सगळे ०.५५ ते ०.५७ दरम्यान. मीटर बिघडला आहे की डायोड नकली आहेत? (तंत्रनिकेतनातील एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : मीटरही बरोबर आहे आणि डायोडही अस्सल असण्याचीच शक्यता जास्त आहे. अपुरा आहे तो पाठ केलेला आकडा. ०.७ व्होल्ट हा डायोडचा स्थिर गुणधर्म नव्हे. काही मिलिअँपिअर ते काही दशक मिलिअँपिअर प्रवाह वाहत असताना सिलिकॉन डायोडवर साधारणपणे जेवढे व्होल्टेज दिसते, त्याचा तो सोयीसाठी घेतलेला आकडा आहे. आपला मीटर डायोड चाचणीच्या वेळी सुमारे एकच मिलिअँपिअर प्रवाह सोडतो, त्यामुळे त्याला कमी व्होल्टेज दिसणे स्वाभाविक आहे.

विल्यम शॉकली यांनी १९४९ साली पी-एन संधीचा (डायोडच्या आतील दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या जोडाचा) जो सिद्धांत मांडला, त्यानुसार डायोडमधील प्रवाह व्होल्टेजच्या घातांकी प्रमाणात वाढतो. हेच उलट बाजूने सांगायचे तर प्रवाह दहापट झाला की डायोडवरील व्होल्टेजमध्ये फक्त एका ठरावीक रकमेची भर पडते. आदर्श डायोडमध्ये खोलीच्या तापमानाला ही भर सुमारे ६० मिलिव्होल्ट असते, पण १एन४००७ सारख्या रेक्टिफायर (प्रत्यावर्ती वीज एकदिश करणाऱ्या) डायोडमध्ये व्यवहारात ती १०० मिलिव्होल्टच्या आसपास धरावी. डोक्यात ठेवायला हा हिशेब ०.७ पेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे.

पाच व्होल्टचा एक चांगला अडॅप्टर, १एन४००७ आणि चार रेझिस्टर एवढ्या साहित्यावर हे घरी पडताळता येते. डायोडच्या मालिकेत प्रथम १० किलोओहमचा रेझिस्टर जोडून डायोडच्या दोन टोकांवर मीटर धरावा. अर्ध्या मिलिअँपिअरहून थोडा कमी प्रवाह वाहील आणि मीटर ०.५४ च्या जवळपास दाखवेल. एक किलोओहम लावल्यावर आकडा ०.६३ च्या आसपास जाईल आणि १०० ओहम लावल्यावर ०.७३ च्या. शेवटी १० ओहमचा रेझिस्टर घ्यावा, मात्र तो किमान पाच वॅटचा असावा, कारण त्यात पावणेदोन वॅट उष्णता निर्माण होईल. डायोडवर आता ०.८३ व्होल्टच्या आसपास दिसतील, परंतु हा आकडा स्थिर राहणार नाही. डोळ्यांदेखत तो एकेक मिलिव्होल्टने उतरत जाईल, कारण डायोड तापतो आहे, आणि सिलिकॉन संधीवरील व्होल्टेज प्रत्येक अंश सेल्सिअसमागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. तापमानाचा परिणाम वेगळा पाहायचा असेल, तर १० किलोओहमच्या जोडणीवर परत येऊन, सर्व थंड झाल्यावर, डायोडचे काळे अंग चिमटीत धरावे. बोटांच्या उबेनेच आकडा दहाएक मिलिव्होल्ट खाली आलेला दिसेल. आपल्या वर्गातील प्रत्येकाने हा प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पुढील जवळजवळ सर्व प्रश्नांची उत्तरे याच चार आकड्यांतून निघतात.

प्रश्न : द्राक्षबागेतील तापमान आणि आर्द्रता वाय-फायवरून कळवणारे यंत्र मी तयार केले आहे. त्यातील ईएसपी-१२एफ मॉड्यूलला ३.३ व्होल्ट लागतात आणि माझ्याकडे ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर आहे. दोन १एन४००७ मालिकेत जोडले, म्हणजे १.४ व्होल्ट उतरून ३.६ राहतील, असा हिशेब केला. मॉड्यूल न जोडता मोजले तर मीटर ४.४ व्होल्टपेक्षा जास्त दाखवतो. मॉड्यूल जोडल्यावर ते चालते, पण अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होते. तिसरा डायोड घालावा का? (एक द्राक्ष बागायतदार, नाशिक)

उत्तर : तिसरा डायोड घालू नये, आणि पहिले दोनही काढून टाकावेत. याचे कारण सविस्तर देतो, कारण हीच अडचण अनेक वाचकांना आलेली आहे.

प्रथम ४.४ व्होल्टचे कोडे. मॉड्यूल जोडलेले नसताना डायोडमधून फक्त मीटरचा प्रवाह जातो. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सामान्यतः १० मेगाओहम असतो, म्हणजे हा प्रवाह अर्ध्या मायक्रोअँपिअरच्याही आतला असतो. इतक्या क्षीण प्रवाहाला एका १एन४००७ वर जेमतेम ०.२ ते ०.३ व्होल्ट पडतात. म्हणून रिकाम्या सर्किटवर घेतलेले हे मोजमाप खोटे नसले, तरी लोड (वीज घेणारे यंत्र) जोडल्यावर काय मिळेल याविषयी ते काहीही सांगत नाही.

आता मॉड्यूलकडे वळू. त्याच्या आतील ईएसपी८२६६ या चिपची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट आहे. ती गाढ झोपेत असताना सुमारे २० मायक्रोअँपिअर घेते, जागी असून रेडिओ बंद असताना १५ मिलिअँपिअरच्या आसपास घेते, प्रक्षेपण करताना १७० मिलिअँपिअरपर्यंत जाते, आणि रेडिओ सुरू होण्याच्या क्षणी ही मागणी ३०० च्याही वर उसळू शकते. म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त प्रवाहात दहा हजारपटींहून अधिक अंतर आहे. दहापटीला ०.१ व्होल्ट या हिशेबाने प्रत्येक डायोडवरील व्होल्टेज ०.४ पासून ०.८ च्या वर फिरत राहणार. दोन डायोड असताना झोपेत ०.८ व्होल्ट उतरतात आणि चिपला ४.२ व्होल्ट मिळतात, म्हणजे कमाल मर्यादेच्या बरेच वर. जागेपणी ३.६ मिळतात, आणि उसळीच्या वेळी ३.३५. तिसरा डायोड घातला तरी झोपेत ३.८ मिळतात, जे अजूनही जास्तच आहे. उसळीच्या वेळी मात्र ते अडीच व्होल्टपर्यंत कोसळतात. चार्जर ४.७५ व्होल्टवर बसला, जे यूएसबीच्या नियमात मान्य आहे, किंवा वायर लांब आणि बारीक असली, की त्याहूनही खाली जातात. म्हणजे डायोड कितीही घेतले, तरी दोन्ही टोके एकाच वेळी सांभाळली जातील अशी संख्याच अस्तित्वात नाही. आपले यंत्र आत्ता पुन्हा पुन्हा सुरू होते आहे ते प्रक्षेपणाच्या क्षणी पुरवठा खचतो म्हणून. दर वेळी झोपेत जाताना चिपवर येणारे जादा व्होल्टेज लगेच जाणवत नाही, पण ते अधिक घातक आहे.

यावर उपाय म्हणजे ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे प्रवाह बदलला तरी व्होल्टेज स्थिर ठेवणारा घटक. एएमएस१११७-३.३ कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, त्याला वर १.१ ते १.३ व्होल्टचा फरक पुरतो, आणि पाचमधून ३.३ वजा जाता आपल्याकडे १.७ व्होल्ट शिल्लक आहेत. त्याच्या बाहेरच्या बाजूला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अवश्य लावावा, कारण त्यावाचून हा रेग्युलेटर स्थिर राहत नाही, आणि मॉड्यूलच्या पायांजवळ आणखी एक ४७० मायक्रोफॅरडचा. पुढे हे यंत्र बॅटरीवर न्यायचा विचार असेल, तर मात्र १११७ नको, कारण तो स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो आणि मॉड्यूलच्या झोपेचा काही उपयोग उरत नाही. तेथे एमसीपी१७०० सारखा, स्वतः दोन मायक्रोअँपिअरच्या आत घेणारा रेग्युलेटर पाहावा. तो २५० मिलिअँपिअरचा असल्याने कपॅसिटर मोठा ठेवावा लागेल.

प्रश्न : भिंतीवरचे घड्याळ एका सेलवर चालते. दर वर्षी सेल बदलण्याऐवजी ते जुन्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवावे असे मनात आहे. ३.५ व्होल्ट उतरवण्यासाठी पाच डायोड मालिकेत लावले तर चालेल का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : डायोडचा उपयोग आपण जरूर करावा, परंतु मालिकेत नव्हे. साधा एए सेल वर्षभर पुरतो, यावरूनच घड्याळाचा सरासरी प्रवाह एक-दोन दशांश मिलिअँपिअरच्या घरात असल्याचे दिसते, आणि तोही सलग नसतो. आतील मोटरला दर सेकंदाला एक छोटा झटका मिळतो, तेवढ्यापुरते काही मिलिअँपिअर वाहतात, आणि उरलेल्या वेळात केवळ ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकाचे सर्किट जागे असते, ज्याला काही मायक्रोअँपिअर पुरतात. मालिकेतील पाच डायोड झटक्याच्या वेळी कदाचित योग्य व्होल्टेज देतील, पण दोन झटक्यांमधील शांततेत तेच डायोड प्रत्येकी ०.४ व्होल्टच्याही आत उतरवतील आणि दीड व्होल्टच्या घड्याळावर तीन व्होल्ट किंवा अधिक येतील.

म्हणून जोडणी उलटी करावी. अडॅप्टरच्या धन टोकाकडून ३३० ओहमचा एक रेझिस्टर आणावा, त्याच्या दुसऱ्या टोकापासून ऋण टोकापर्यंत दोन १एन४००७ एकापुढे एक, पुढच्या दिशेने, म्हणजे पांढरी पट्टी ऋण बाजूकडे ठेवून जोडावेत, आणि घड्याळाच्या दोन वायरी या डायोडजोडीच्या दोन टोकांना लावाव्यात. आता ५ मधून १.३५ वजा जाता उरलेले ३.६५ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि सुमारे ११ मिलिअँपिअरचा प्रवाह डायोडमधून अखंड वाहत राहतो. घड्याळाने त्यातले दोन-चार मिलिअँपिअर क्षणभर उचलले, तरी डायोडमधील प्रवाह ११ वरून सात-आठवर येईल, दहापटीने घटणार नाही, त्यामुळे व्होल्टेज वीस ते चाळीस मिलिव्होल्टच हलेल. १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर घड्याळाला समांतर लावला की अचानक होणारे चढउतार थोडे सौम्य होतील.

मला ही जोडणी फार आवडते, कारण यात डायोडच्या स्वभावाशी झगडा नाही. प्रवाह थोडाफार बदलला तर व्होल्टेज जवळजवळ बदलत नाही, हा त्याचा गुण येथे सरळ कामाला लावला आहे. सर्किट स्वतः ०.०६ वॅटपेक्षा कमी घेते, म्हणजे वर्षाकाठी अर्धा युनिट, शिवाय अडॅप्टर स्वतः जे खाईल ते वेगळे. एक गोष्ट मात्र आपण ठरवावी. वीज गेली की घड्याळ थांबेल आणि कपॅसिटर त्याला फार तर एक-दोन सेकंद सांभाळेल. जेथे भारनियमन आहे किंवा वीज वारंवार जाते, तेथे सेलच बरा.

प्रश्न : विहिरीवरचा पंप मोबाईलवरून सुरू-बंद करण्यासाठी सिम८००एल (सिम कार्डावर चालणारे जीएसएम मोबाईल) मॉड्यूल वापरून स्टार्टर बनवत आहोत. मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट चालतात. ५ व्होल्टच्या पुरवठ्याला एक १एन४००७ लावून काम भागते असे ऐकले. आपल्या मागील लेखांवरून डायोडवर भरवसा ठेवू नये असे वाटते, मग हे बरोबर की चूक? (दोन शेतकरी मित्र, ता. जत)

उत्तर : येथे ते बरोबर ठरू शकते, आणि का ठरते हे समजून घेण्यासारखे आहे. येथे मॉड्यूलने दिलेली व्होल्टेजची मुभा पूर्ण एक व्होल्टची आहे, आणि एका डायोडवरील व्होल्टेज ०.६ ते १ व्होल्ट एवढेच फिरते. ईएसपीच्या बाबतीत मुभा थोडी आणि डायोड दोन होते.

तरीही तीन बाबींची काळजी घ्यावी लागेल. पहिली म्हणजे शांत अवस्था. मॉड्यूल झोपेत असताना एक मिलिअँपिअरच्या आसपास घेते, तेव्हा डायोडवर ०.५५ ते ०.६ व्होल्टच पडतील आणि मॉड्यूलला ४.४ पेक्षा किंचित जास्त मिळतील. यासाठी मॉड्यूलच्या पुरवठ्याला समांतर २२० ओहमचा रेझिस्टर कायम जोडून ठेवावा. त्यातून सुमारे २० मिलिअँपिअर वाहत राहतात, डायोडवर ०.७ पडतात, आणि मॉड्यूलवर ४.३ च्या वर जाणार नाही. अर्थात हे पुरवठा खरोखर ५ व्होल्टचा असेल तरच. बाजारातील बरेच अडॅप्टर ५.२ देतात, म्हणून प्रथम तो मोजावा आणि ५.१ च्या वर असेल तर ही युक्ती सोडून द्यावी.

दुसरी बाब प्रक्षेपणाची. जीएसएम मॉड्यूल बोलताना अखंड प्रवाह घेत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांत एकदा, सुमारे ०.५८ मिलिसेकंदांपुरता तो २ अँपिअरपर्यंत उसळतो. सरासरी पाव अँपिअरच भरते, त्यामुळे एक अँपिअरच्या १एन४००७ ला ते सहज झेपते. पण पुरवठ्याच्या लांब वायरींना तो क्षण झेपत नाही, आणि म्हणून मॉड्यूलच्या अगदी पायाशी कपॅसिटर हवा. समजा, त्या क्षणी सगळा प्रवाह कपॅसिटरनेच दिला, तर १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १.१५ व्होल्टने खचेल, जे चालणार नाही. २,२०० मायक्रोफॅरडचा अर्ध्या व्होल्टच्या आसपास खचेल आणि मॉड्यूल ३.७ च्या वर राहील. प्रत्यक्षात पुरवठ्याकडूनही प्रवाह येत असतो, म्हणून परिस्थिती याहून चांगली असेल. मोठा कपॅसिटर लावावा आणि वायरी जाड व आखूड ठेवाव्यात. तिसरी बाब म्हणजे अडॅप्टर दोन अँपिअरचा असावा, आणि तो नुसता छापलेल्या आकड्याचा नव्हे, तर खराखुरा.

टेबलावर चाचणी घेण्यासाठी ही जोडणी निश्चिंतपणे वापरावी. विहिरीवर कायम बसवायचे यंत्र मात्र एलएम२५९६ वर आधारलेल्या बक कन्व्हर्टरवर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणाऱ्या सर्किटवर), त्याचे व्होल्टेज ४.० ला लावून चालवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत तापमान ६० अंशांवर गेले, तर डायोडवरील व्होल्टेज आणखी ७० मिलिव्होल्टने कमी होते, आणि वर सांगितलेली ४.३ व्होल्टची तजवीज तेवढ्यानेच मर्यादेला जाऊन टेकते. रात्री-अपरात्री पंप सुरू झाला नाही म्हणून शिवारात जाण्याची वेळ एका स्वस्त कन्व्हर्टरने टळत असेल, तर तो अवश्य घ्यावा.

प्रश्न : ट्रकच्या २४ व्होल्टवर १२ व्होल्टचा रिले चालवायचा आहे. १३ व्होल्टचा झीनर (उलट दिशेने ठरावीक व्होल्टेज धरणारा डायोड) मालिकेत लावावा की सोळा-सतरा साधे डायोड? (एक वाहन वायरमन, धुळे)

उत्तर : दोन्ही नको, एक रेझिस्टर पुरेसा आहे. १२ व्होल्टच्या छोट्या चौकोनी रिलेचे वेटोळे सामान्यतः ४०० ओहमचे असते आणि त्यातून जाणारा प्रवाह ठरलेला असतो. लोड स्थिर असेल तेथे डायोडची काहीच गरज नाही. ३९० ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडला, की २४ व्होल्टला रिलेवर १२ येतील, आणि इंजिन चालू असताना पुरवठा २८ वर गेला तरी १४.२ येतील, जे रिलेला चालते. रेझिस्टरमध्ये त्या वेळी अर्धा वॅट उष्णता होते, म्हणून तो दोन वॅटचा घ्यावा. १३ व्होल्टचा एक वॅटचा झीनर, म्हणजे १एन४७४३ए, लावला तरी काम होईल, पण २८ व्होल्टला रिलेवर १५ येतील. रेझिस्टर येथे अधिक चांगला आहे. वेटोळ्याला समांतर, उलट दिशेने एक १एन४००७ मात्र विसरू नये. तो व्होल्टेज कमी करण्यासाठी नाही, रिले बंद होताना उठणारा उलटा झटका जिरवण्यासाठी आहे.

प्रश्न : २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न काम नसताना फार तापते आणि टोक काळे पडते. मालिकेत एक डायोड लावला तर ती कमी तापते असे बाजारातील एका दुकानदाराने सांगितले. २३० मधून ०.७ गेल्याने असा काय फरक पडणार? (दुरुस्तीचा व्यवसाय करणारे वाचक, पुणे)

उत्तर : दुकानदाराने योग्य सल्ला दिला आहे, मात्र येथे डायोड ज्या मार्गाने काम करतो तो अगदी वेगळा आहे. ०.७ व्होल्टचा येथे काहीच संबंध नाही. घरातील वीज प्रत्यावर्ती असते, सेकंदाला ५० वेळा तिचे आवर्तन होते, आणि डायोड प्रत्येक आवर्तनाचा अर्धा भाग अडवतो. अर्धा वेळ वीज मिळाल्याने आयर्नची शक्ती २५ वॅटवरून साडेबारा वॅटवर येते. परिणामकारक (आरएमएस) व्होल्टेज २३० वरून सुमारे १६३ होते, अर्धे होत नाही, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाशी निगडित असते. साधा मीटर येथे १६३ दाखवेलच असे नाही. बहुतेक स्वस्त मीटर गुळगुळीत साइन लहर गृहीत धरून आकडा काढतात आणि अशा अर्धवट लहरीवर चुकतात.

जोडणीत डायोडला समांतर एक स्विच ठेवावा. स्विच ऑफ असेल तेव्हा आयर्न अर्ध्या शक्तीवर उबदार राहते, आणि काम सुरू करताना स्विच ऑन केला की डायोड बाजूला पडून पूर्ण शक्ती मिळते. टोक पुन्हा कामाच्या तापमानाला यायला थोडाच वेळ लागतो आणि त्याचे आयुष्य निश्चितपणे वाढते. डायोड १एन४००७ च घ्यावा. २३० व्होल्टच्या लहरीचे शिखर ३२५ व्होल्ट असते. १एन४००७ ची उलट दिशेची सहनशक्ती १,००० व्होल्ट आहे, तर दिसायला तसाच असलेल्या १एन४००१ ची केवळ ५० आहे, आणि तो पहिल्याच झटक्यात जळेल. ही सर्व जोडणी मुख्य विजेवर आहे. म्हणून डायोडच्या पायांवर स्लीव्ह चढवावी, बंदिस्त बेकेलाइट किंवा प्लॅस्टिकच्या पेटीतच काम करावे, आणि प्लग काढल्याशिवाय पेटीला हात लावू नये.

हीच युक्ती छताच्या पंख्याला, ट्रान्सफॉर्मर असलेल्या उपकरणाला किंवा एलईडी दिव्याला करू नये. पंख्याच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून एकाच दिशेचा प्रवाह जाऊ लागला की लोखंडी गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), प्रवाह बेसुमार वाढतो आणि वेटोळे जळते. तापमान नियंत्रित सोल्डरिंग स्टेशनलाही हा डायोड लावू नये. त्याचे नियंत्रण स्टेशन स्वतः करते.

प्रश्न : संगणकाच्या कॅबिनेटमधील १२ व्होल्टच्या पंख्याचा आवाज कमी करायला डायोड चालतील का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : उत्तम चालतील. असा पंखा साधारण दीड-दोनशे मिलिअँपिअर घेतो आणि सुरू झाल्यावर त्यात मोठे बदल होत नाहीत. चार १एन४००७ मालिकेत लावले की तीनएक व्होल्ट उतरून पंख्याला ९ व्होल्ट मिळतील. रेझिस्टरपेक्षा डायोड येथे सरस आहेत. सुरू होताना पंखा जास्त प्रवाह मागतो, त्या क्षणी रेझिस्टर नेमके जास्त व्होल्टेज अडवतो आणि पंखा अडखळू शकतो, तर डायोड जवळजवळ तेवढेच अडवतात. थंडीच्या सकाळी पंखा सुरू होतो ना, हे एकदा तपासून घ्यावे. यासाठी १एन५८१९ सारखे शॉटकी (मुळातच कमी व्होल्टेज उतरवणारे) डायोड मात्र आणू नयेत. एवढ्या प्रवाहाला त्यांच्यावर ०.३ व्होल्टच्या आसपासच पडतात, त्यामुळे दुपटीहून जास्त डायोड लागतील. त्यांची जागा उलट ठिकाणी आहे, म्हणजे जेथे व्होल्टेज शक्य तितके कमी वाया जायला हवे, उदाहरणार्थ बॅटरी उलटी लागली तर सर्किट वाचवण्यासाठी.

प्रश्न : १एन४००७ एक अँपिअरचा आहे. दीड अँपिअरच्या लोडसाठी दोन समांतर जोडावेत का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : जोडू नयेत. दोन डायोड कधीच तंतोतंत सारखे नसतात. ज्याच्यातून प्रवाह थोडा अधिक जातो, तो अधिक तापतो, तापल्यावर त्याचे व्होल्टेज दर अंशाला २ मिलिव्होल्टने उतरते आणि त्यामुळे तो आणखी प्रवाह आपल्याकडे ओढतो. दहापटीला १०० मिलिव्होल्ट या हिशेबाने, दोघांत केवळ १० अंशांचा फरक पडला, म्हणजे २० मिलिव्होल्टचा, तरी एकातून दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त प्रवाह जाऊ लागतो. दीड अँपिअरपैकी ०.९ एकट्याने उचलला की तो आणखी तापणार, आणि ही चढाओढ त्याच्या क्षमतेपलीकडे जाऊ शकते. यासाठी तीन अँपिअरचा एकच १एन५४०८ लावावा. दीड अँपिअरला त्याच्यावर सुमारे ०.८५ व्होल्ट पडून सव्वा वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होईल. ती त्याच्या जाड तांब्याच्या पायांतूनच बाहेर पडते, म्हणून पाय फार आखूड कापू नयेत आणि डायोड बोर्डपासून अर्धा-एक सेंटिमीटर उचलून सोल्डर करावा.